नव्या करारातली अवतरणे कशी ताडून पाहावीत

महोदय,

आपल्या पत्रव्यवहाराच्या सदरात गेले काही दिवस नव्या कराराच्या (बायबलच्या ख्रिस्ती भागाच्या) लेखकांनी यहुदी धर्मग्रंथांचा, म्हणजे ख्रिस्ती लोक ज्याला जुना करार म्हणतात त्याचा, आधार कसा घेतला यावर पत्रे येत आहेत. काहींचे म्हणणे, शुभवर्तमानकारांनी (येशूचे चरित्र लिहिणाऱ्यांनी) जुन्या वचनांची मोडतोड केली. काहींचे म्हणणे, त्यांनी दिलेली वचने बरोबरच होती, यहुद्यांनी आपला ग्रंथ नंतर बदलला. दोघांनीही ताडून पाहण्याची एकच रीत वापरली आहे. आजचे मराठी पवित्र शास्त्र उघडायचे, नव्या करारातले अवतरण आणि जुन्या करारातले वचन शेजारी ठेवायचे, आणि शब्द जुळले नाहीत की कोणाला तरी दोषी ठरवायचे. या रीतीने गफलत होणारच, कारण नव्या कराराचे लेखक ज्या ग्रंथातून उतारे घेत होते तो ग्रंथ बहुतेक वेळा आपल्या हातात नसतोच.

मराठी जुना करार मुख्यतः मसोरा पाठावर, म्हणजे यहुदी परंपरेने जपलेल्या प्रमाण हिब्रू पाठावर, आधारलेला आहे. पंडिता रमाबाईंनी केडगावला केलेले भाषांतरही हिब्रू आणि ग्रीक शिकून मूळ भाषांवरून केलेले. ते त्यांच्या निधनानंतर 1924 साली प्रसिद्ध झाले. मसोरा पाठाची आज उपलब्ध असलेली सर्वांत जुनी संपूर्ण प्रत इ.स. 1008 च्या सुमाराची आहे. नव्या कराराचे लेखक पहिल्या शतकात ग्रीकमध्ये लिहीत होते आणि त्यांची बरीचशी अवतरणे सेप्टुअजिंट या ग्रीक भाषांतरातून आली आहेत. हे भाषांतर इ.स.पूर्व तिसऱ्या शतकात अलेक्झांड्रियात सुरू झाले. आधी तोरेची, म्हणजे नियमशास्त्राची, पाच पुस्तके, मग पुढच्या दीड-दोन शतकांत बाकीची. भाषांतर करणारे यहुदी, वाचणारेही यहुदी. ख्रिस्ती धर्म तेव्हा जन्मायचा होता, त्यामुळे ख्रिस्ताला अनुकूल व्हावे म्हणून ते रचले असे कोणालाच म्हणता येणार नाही.

आता प्रत्यक्ष वचने पाहू. मार्कचे शुभवर्तमान उघडताच दुसऱ्या-तिसऱ्या वचनात ‘यशया संदेष्ट्याने लिहिले आहे’ असे म्हणून एक उतारा येतो. त्यातला दूत पुढे पाठवण्याचा भाग यशयात कुठेही सापडत नाही. ‘मी आपला दूत तुझ्यापुढे पाठवतो’ हे शब्द निर्गम 23:20 (अध्याय 23, वचन 20) च्या ग्रीक पाठाशी जवळजवळ तंतोतंत जुळतात. वाट तयार करण्याचे वाक्य मलाखी 3:1 मधले. ‘अरण्यात घोषणा करणाऱ्याची वाणी’ येथून पुढे यशया 40:3 सुरू होते. तीन ठिकाणचे तुकडे ‘वाट’ आणि ‘दूत’ या दुव्यांनी जोडले आहेत आणि नाव त्यातल्या सर्वांत मोठ्या संदेष्ट्याचे दिले आहे. नक्कल करणाऱ्यांनाही ही गोष्ट खटकली होती. म्हणून नंतरच्या अनेक हस्तलिखितांत ‘यशया’ काढून ‘संदेष्ट्यांनी’ असे केलेले दिसते. मत्तय 27:9 मध्ये हाच प्रकार आहे. नाव यिर्मयाचे, तीस रुपये आणि कुंभार जखऱ्या 11 मधले, शेत विकत घेण्याचा धागा मात्र यिर्मया 32 चा.

याच यशयाच्या वचनात विराम कुठे द्यायचा हाही प्रश्न आहे. हिब्रूत ‘अरण्यात’ हा शब्द ‘वाट तयार करा’ याच्याशी जातो, कारण पुढच्या ओळीत ‘रानात सडक सरळ करा’ अशी जोड आहे. ग्रीकमध्ये तो ‘घोषणा करणाऱ्याची वाणी’ याला लागतो, आणि बाप्तिस्मा देणारा योहान मार्कला अरण्यात उभा दिसतो. मृत समुद्राकाठी कुमरानला राहणाऱ्या यहुदी पंथाच्या नियमग्रंथात हेच वचन हिब्रू विरामाने घेतले आहे आणि आपण वस्ती सोडून अरण्यात का गेलो, याचा आधार म्हणून दिले आहे. एका वचनाचे असे दोन अर्थ लावणारे दोन्ही गट यहुदीच होते. त्या काळी ग्रंथ वाचण्याची हीच रीत होती. मार्कने ती शोधून काढली नाही, ती त्याला परंपरेने मिळाली.

वचने जोडण्यालाही नियम होते. यहुदी धर्मगुरू हिल्लेलच्या नावावर असलेल्या सात नियमांपैकी एक असा, की दोन ठिकाणी एकच शब्द आला तर एका वचनाचा अर्थ दुसऱ्याला लावता येतो. रोमकरांस पत्राच्या चौथ्या अध्यायात प्रेषित पौल हेच करतो. उत्पत्ती 15:6 मध्ये अब्राहामाचा विश्वास नीतिमत्त्व म्हणून ‘गणला’ गेला, आणि स्तोत्र 32 मध्ये परमेश्वर ज्याच्या हिशेबी दोष ‘गणत’ नाही तो धन्य. दोन्हीकडे क्रियापद एकच, म्हणून अब्राहाम आणि दावीद एकमेकांचे साक्षीदार ठरतात. कीर्तनकार एका अभंगाला दुसऱ्या संताचे प्रमाण देतो आणि पहिला चरण निघताच श्रोत्यांच्या तोंडी पुढचा येतो, तसा हा वाचकवर्ग होता. म्हणूनच मार्कच्या वधस्तंभाच्या वर्णनात वस्त्रे वाटून घेणे, माना हलवणे हे तपशील स्तोत्र 22 मधून ‘असे लिहिले आहे’ न म्हणताच येतात.

यहुद्यांनी वचने गाळली, हा आरोप जुना आहे. दुसऱ्या शतकात जस्टिन मार्टर या ख्रिस्ती लेखकाने लिहिले, की स्तोत्र 96 मधल्या ‘परमेश्वराने राज्य केले आहे’ या वाक्यातून ‘झाडावरून’ हे शब्द यहुद्यांनी काढून टाकले. हे शब्द हिब्रूत नाहीत आणि ग्रीकच्या जुन्या मोठ्या प्रतींतही नाहीत. ती ख्रिस्ती वाचकांनी केलेली भर आहे. तेव्हा पुण्यात लाल देऊळ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या आणि रास्ता पेठेतल्या अशा दोन्ही सिनेगॉगमध्ये (यहुदी प्रार्थनास्थळांत) जो ग्रंथ वाचला जातो, त्यावर ‘बदलला’ असा शिक्का मारताना पत्रलेखकांनी आधी पुरावा द्यायला हवा होता. या बाबतीत आमची नाराजी आम्ही लपवत नाही.

उलट दिशेचा, म्हणजे नव्या करारातून जुन्यात शिरलेल्या शब्दांचा, प्रवास तर सिद्धच आहे. रोमकरांस पत्र 3:10-18 मध्ये पौलाने स्तोत्रे 14, 5, 140, 10 आणि 36 व यशया 59 येथले तुकडे एका माळेत ओवले. पुढे नकलाकारांनी ही माळ मूळ स्तोत्रातलीच समजून ग्रीक स्तोत्र 14 मध्ये घातली. ग्रीक बायबलच्या चौथ्या शतकातल्या व्हॅटिकनस या हस्तलिखित प्रतीत ती आहे, हिब्रूत नाही. बायबलचे लॅटिन भाषांतर करणाऱ्या जेरोमने हे ओळखून नमूदही केले होते. पण ज्याच्या हाती असा ग्रीक पाठ असेल तो म्हणेल, पौलाने स्तोत्र 14 चा सलग उतारा दिला आणि हिब्रूतून तो कोणीतरी गाळला!

काही वेळा फरकाचे मूळ हिब्रू अक्षरांतच असते. आमोस 9:12 मध्ये हिब्रू वाचन ‘अदोमाचे अवशेष ताब्यात घ्यावेत’ असे आहे, ग्रीक वाचन ‘मनुष्यांतील अवशेषांनी शोध करावा’ असे. स्वरचिन्हांविना लिहिताना ‘अदोम’ (एक शेजारी राष्ट्र) आणि ‘आदाम’ (मनुष्य) यांत फार तर एका अक्षराचा फरक पडतो, आणि ‘ताब्यात घेणे’ व ‘शोधणे’ यांतही एकाच अक्षराचा. प्रेषितांची कृत्ये 15 मधले याकोबाचे भाषण ग्रीक वाचनावर उभे आहे. तिथे प्रश्न परराष्ट्रीयांना, म्हणजे यहुदी नसलेल्यांना, ख्रिस्ती मंडळीत घेण्याचा आहे, त्यामुळे हा फरक किरकोळ नाही. तसेच स्तोत्र 40:6 मध्ये हिब्रूत ‘कान’ आहेत, ग्रीकमध्ये ‘शरीर’, आणि इब्री लोकांस पत्र 10:5 चा सगळा युक्तिवाद ‘शरीरा’वर आहे. पण सगळे ग्रीकवरूनच आले असेही नाही. मत्तय 2:15 मधले ‘मी आपल्या पुत्राला मिसरातून बोलावले’ हे होशेय 11:1 च्या हिब्रूशी जुळते. ग्रीक पाठात तिथे ‘त्याची मुले’ असे आहे.

त्या काळी ग्रंथ चामड्याच्या गुंडाळीवर लिहीत, तिचा व्यवहारही लक्षात घ्यावा. कुमरानची यशयाची मोठी गुंडाळी सुमारे 7.34 मीटर लांब आहे, 54 स्तंभांची. तिच्यात अध्याय-वचनांचे आकडे नाहीत. अध्यायांची आजची विभागणी तेराव्या शतकातली आणि नव्या करारातले वचनांचे आकडे 1551 चे. एक वाक्य शोधायला हातभर चामडे उलगडत बसण्यापेक्षा लोक पाठांतरावर आणि वेचे काढून ठेवलेल्या पानांवर भिस्त ठेवत. असे एक पान कुमरानलाच सापडले आहे. त्यावर अनुवाद 5 आणि 18, गणना 24 व अनुवाद 33 मधले उतारे एकाखाली एक लिहिलेले आहेत.

वाचकांनी ताडून पाहायचेच असेल तर समासातला संदर्भ एकच आहे की दोन-तीन, हे आधी पाहावे. मग मूळ ठिकाणची पुढची-मागची दहा-दहा वचने वाचावीत. लूक 4:18-19 मध्ये यशया 61 वाचला जातो तेव्हा 58:6 चा तुकडा आत येतो आणि ‘सूड घेण्याचा दिवस’ येण्याआधी वाचन थांबते, हे सलग वाचल्याशिवाय कळत नाही. त्यानंतर सेप्टुअजिंट पाहावे. त्याचे नवे इंग्रजी भाषांतर 2007 साली निघाले आहे. ग्रीक आणि हिब्रू दोन्हींशी जुळले नाही तर मृत समुद्राच्या, म्हणजे कुमरानला सापडलेल्या, गुंडाळ्यांकडे वळावे. इब्री लोकांस पत्र 1:6 मधली देवदूतांनी नमन करण्याची ओळ मसोरा पाठाच्या अनुवाद 32:43 मध्ये नाही, ग्रीकमध्ये आहे, आणि तिच्याशी मिळतीजुळती हिब्रू ओळ कुमरानच्या एका तुकड्यावर सापडली. एवढे झाल्यावरच लेखकाने स्वतः शब्द बदलले का, हा प्रश्न विचारावा. बदलले असतील तर तसे म्हणायलाही कचरू नये. तिसऱ्या शतकात ओरिजेन या ख्रिस्ती विद्वानाने सहा स्तंभ शेजारी मांडून, ग्रीकमध्ये जास्त काय आणि हिब्रूत जास्त काय याला वेगवेगळ्या खुणा करून हेच काम केले होते. महाभारताची चिकित्सक आवृत्ती काढणाऱ्या भांडारकर संस्थेच्या शहरात पाठभेद म्हणजे लबाडी नव्हे, हे वेगळे सांगण्याची गरज पडू नये.

संपादक महोदयांना एक विनंती. या विषयावरची पत्रे छापताना कोणत्या भाषांतरातून उतारा घेतला ते लेखकाला लिहायला लावावे आणि स्तोत्रांच्या आकड्यांकडे लक्ष द्यावे. ग्रीक-लॅटिन परंपरेत स्तोत्र 9 आणि 10 एकत्र धरतात, त्यामुळे जुन्या कॅथलिक पुस्तकांतले 21 वे स्तोत्र आपल्या मराठीतले 22 वे असते. हिब्रू छापील प्रतींत बऱ्याच स्तोत्रांच्या शीर्षकालाही वचनाचा आकडा असतो, म्हणून वर दिलेले 40:6 तिथे 40:7 म्हणून शोधावे लागते.

आपले,
हिब्रू-ग्रीक पाठांचे काही अभ्यासक, पुणे