घड्याळ किती चुकले, ते आधी मोजा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

प्रवेशाचे आणि शिष्यवृत्तीचे अर्ज भरायचे दिवस आले, की शाळांतल्या जुन्या संगणकांबाबत एक तक्रार हमखास येते: ‘नेट चालू आहे, पण साइट उघडत नाही.’ अशा वेळी राउटर बंद-चालू करण्याआधी किंवा विंडोज नव्याने टाकण्याआधी पडद्याच्या उजव्या खालच्या कोपऱ्यातल्या घड्याळाकडे एकदा बघावे. संकेतस्थळाच्या सुरक्षा प्रमाणपत्राला ठरावीक मुदत असते आणि ब्राउझर ती संगणकाच्या तारखेशी ताडून पाहतो. संगणक 2015 सालात वावरत असेल, तर आजचे प्रमाणपत्र त्याच्या लेखी अजून निघालेलेच नसते.

घड्याळ नेमके किती चुकले, यावरून दोष कुठे आहे ते बहुधा कळते.

रोज सकाळी चालू केल्यावर तारीख काही वर्षे मागे जात असेल, तर मदरबोर्डवरचा (संगणकातल्या मुख्य सर्किट बोर्डवरचा) सेल संपला आहे. वीज नसताना आतले घड्याळ हाच सेल चालू ठेवतो. हा सीआर 2032 नावाचा 3 व्होल्टचा, नाण्याएवढा सेल घड्याळाच्या दुकानातही मिळतो. वीज काढावी, पॉवरचे बटण काही सेकंद दाबून धरावे, बाजूची क्लिप नखाने सरकवून जुना सेल काढावा आणि नवा अधिक चिन्ह वर ठेवून बसवावा. मग बायोसमध्ये (विंडोज सुरू होण्याआधी उघडणाऱ्या मूळ सेटिंगांच्या पडद्यावर) तारीख-वेळ घालावी. सेल गेला की बायोसच्या इतर सेटिंगाही पुसल्या जाऊ शकतात. म्हणून डिस्कवर बिटलॉकर (डेटा कुलूपबंद ठेवणारी विंडोजची सोय) असेल तर त्याची रिकव्हरी की, म्हणजे कुलूप उघडणारा लांब क्रमांक, आधीच लिहून ठेवावी, नाहीतर पन्नासएक रुपयांच्या सेलपायी सगळा डेटा अडकतो. काही लॅपटॉपमध्ये हा सेल वायर जोडून प्लॅस्टिकच्या वेष्टनात असतो. तिथे हात न घातलेला बरा.

विंडोजच्या सेटिंगमध्ये ‘सेट टाइम ऑटोमॅटिकली’ चालू आहे, मग तारीख आपोआप का सुधारत नाही, असे अनेक जण विचारतात. घरगुती विंडोजमध्ये चूक 15 तासांपेक्षा मोठी असली, तर वेळ जुळवणारी सेवा ती दुरुस्त करायचेच नाकारते. आधी तारीख हाताने बरोबर करावी, मगच ‘सिंक नाऊ’ दाबावे.

चूक बरोबर साडेपाच तासांची असेल, तर सेलला हात लावू नये. टाइम झोन ‘चेन्नई, कोलकाता, मुंबई, न्यू दिल्ली’ आहे का ते पाहावे. तो बरोबर असूनही विंडोज साडेपाच तास मागे पडत असेल आणि त्याच संगणकावर लिनक्स ही दुसरी कार्यप्रणालीही असेल, तर भांडण त्या दोघांचे आहे. लिनक्स आतल्या घड्याळात जागतिक वेळ ठेवतो आणि विंडोज ती स्थानिक समजून वाचते. लिनक्सला आतले घड्याळ स्थानिक वेळेवर ठेवायला सांगितले, की हे मिटते.

चार-पाच मिनिटांचा फरक म्हणजे वेळ इंटरनेटवरून जुळतच नाही. कंट्रोल पॅनेलमधल्या ‘डेट अँड टाइम’च्या ‘इंटरनेट टाइम’ टॅबमध्ये दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेचा सर्व्हर घालता येतो: टाइम डॉट एनपीएलइंडिया डॉट ओआरजी (अर्थात इंग्रजी अक्षरांत). तरीही चूक दाखवली, तर फायरवॉलमध्ये (नेटवरची ये-जा अडवणाऱ्या सुरक्षा व्यवस्थेत) वेळेचे संदेश ज्यातून येतात ते यूडीपीचे 123 क्रमांकाचे पोर्ट बंद नाही ना, हे तपासावे. कार्यालयाच्या डोमेनला (एका मुख्य सर्व्हरच्या ताब्यातल्या जाळ्याला) जोडलेल्या संगणकावर हा टॅब दिसतच नाही. तिथे वेळ मुख्य सर्व्हरकडून येते, त्यामुळे तो सर्व्हर चुकला की सगळे एकसारखे चुकतात आणि कुणाला शंकाही येत नाही!

जाता जाता, विंडोजच्या ‘क्लॉक’ अ‍ॅपमधला गजर संगणक झोपलेला असताना वाजेल, असे धरून चालू नये. अर्जाच्या शेवटच्या तारखेची आठवण मोबाइलवर लावावी.

– एक संगणक दुरुस्ती व्यावसायिक, सातारा