वाद्य कुणाच्या हातचे, हे आधी विचारावे

मा. संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला 2024 साली भौगोलिक मानांकन मिळाले, तेव्हा कोल्हापुरातल्या आम्हा वादकांनाही घरचे कार्य पार पडल्यासारखा आनंद झाला होता. त्या आनंदाशी अजिबात न जुळणारा एक अनुभव मला गेल्या पाच महिन्यांत आला, म्हणून हे पत्र लिहीत आहे. माझ्याजवळची हाताने बनवलेली इलेक्ट्रिक बेस गिटार (खर्जाचे सूर देणारी चार तारांची गिटार) मी विकायला काढली होती. ती आता विकली गेली आहे, त्यामुळे गिऱ्हाईक मिळवण्यासाठी हे पत्र नाही, हे सुरुवातीलाच सांगतो.

ही बेस 2011 साली कोल्हापुरातच तयार झाली. ती घडवणारे गृहस्थ फाउंड्रीसाठी, म्हणजे धातूच्या ओतकामासाठी, साच्यांचे लाकडी नमुने (पॅटर्न) करणारे कारागीर होते. ओतकामाचा पॅटर्न म्हणजे काय, हे उद्यमनगरातल्या कारखान्यांत वावरलेल्या वाचकांना सांगायला नको. धातू थंड होताना किती आकसेल याचा हिशेब धरून लाकूड तेवढे मोठे कोरायचे, आणि त्यात केसभर चूक झाली तरी सगळा माल परत येतो, असे ते काम आहे. अशा माणसाने बेसचा फ्रेटबोर्ड, म्हणजे जिच्यावर तार दाबतात ती आडव्या धातूच्या पट्ट्या (फ्रेट) बसवलेली फळी, आखला होता. तारेची मोकळी लांबी 34 इंच, तिला 17.817 ने भागले की पहिला फ्रेट नटापासून (तारा जिथून सुरू होतात त्या वरच्या खाचपट्टीपासून) 1.908 इंचावर येतो, उरलेल्या लांबीला पुन्हा त्याच आकड्याने भागायचे की दुसरा, आणि असे करत गेल्यावर बारावा फ्रेट बरोबर 17 इंचांवर पडला पाहिजे. तो पडला होता. बॉडी तुणीच्या लाकडाची, म्हणजे मिरजेत सतारीसाठी जे वापरतात त्याच लाकडाची होती. नेक, म्हणजे वाद्याची मान, सागाचा, मधोमध शिसवीची पट्टी घातलेला, आणि फ्रेटबोर्डही शिसवीचा. ब्रिज, म्हणजे तारांच्या खालच्या टोकाची घोडी, त्यांनी ओळखीच्या वर्कशॉपमध्ये पितळेतून काढून घेतला. पिकअपची (तारेच्या कंपनाचा विजेचा संकेत करणाऱ्या भागाची) कॉइल पंख्याच्या मोटारी भरणाऱ्या एका वाइंडरकडे बसून, केसासारख्या बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे देऊन तयार केली. मी त्यांना तेव्हा 26 हजार रुपये दिले. त्यांनी घातलेल्या वेळेच्या मानाने ते कमीच होते, असे मला आजही वाटते.

चौदा वर्षे ही बेस मी गणेशोत्सवातल्या ऑर्केस्ट्रात, लग्नाच्या स्वागत समारंभांत आणि अधूनमधून ध्वनिमुद्रणासाठी वाजवली. आता डाव्या खांद्याच्या दुखण्यामुळे चार किलोंचे वाद्य तीन-तीन तास गळ्यात अडकवून उभे राहणे जमत नाही. वापरात न राहिलेले वाद्य खोलीत उभे राहून खराब होते, म्हणून मी 24 हजारांना ती विकायचे ठरवले.

फोन बरेच आले. जवळजवळ प्रत्येकाचा पहिला प्रश्न एकच होता : ‘कंपनी कोणती?’ हाताने बनवलेली आहे, असे सांगितले की पुढचे वाक्यही ठरलेले होते, ‘म्हणजे लोकल.’ आणि त्यानंतर फोन ठेवला जाई. बेस कशी वाजते, तिचा नेक सरळ आहे का, फ्रेट किती झिजले आहेत, हे कोणी विचारले नाही. ज्या गावात चपलेच्या किंवा गुळाच्या बाबतीत ‘कोल्हापुरी’ हा शब्दच खात्री मानला जातो, त्याच गावात बनलेल्या वाद्याला ‘लोकल’ म्हणून हिणवले जावे, याचे मला मनापासून दुःख झाले. इथून पन्नासेक किलोमीटरवरच्या मिरजेत जुना तानपुरा घ्यायला गेलेला माणूस ‘कुणाच्या हातचा?’ असे विचारतो, आणि कारागिराचे घराणे कळले की जवारी (घोडीमुळे तारेला येणारा गुंजारव) ऐकायला बसतो. तोच माणूस बेस घेताना मात्र कंपनी विचारतो.

या वाद्याचा उगमही एका छोट्या वर्कशॉपमधला आहे, हे इथे नमूद करावेसे वाटते. 1951 साली बाजारात येऊन जगभर पसरलेली पहिली इलेक्ट्रिक बेस ज्यांनी घडवली, ते लिओ फेंडर कॅलिफोर्नियातल्या फुलर्टन गावात आधी रेडिओ दुरुस्तीचे दुकान चालवत होते आणि त्यांना स्वतःला गिटार वाजवता येत नव्हती. आपल्याकडे बाबूराव पेंटरांनी परदेशी कॅमेरा पाहून स्वतःचा कॅमेरा याच गावात घडवला आणि त्यावर चित्रपट काढले. आज ज्या नावाचा मोह पडतो, तेही एके काळी एका लोकल कारागिराचेच नाव होते.

अर्थात खरेदीदाराच्या मनातली भीती निराधार आहे, असे मी म्हणणार नाही. कारखान्यातले वाद्य न पाहताही साधारण कसे असेल ते कळते, सुटे भाग मिळतात, आणि पुढे विकताना किंमत येते. हातची वाद्ये चांगली असतात तशी फसलेलीही असतात. पुरते न वाळलेले लाकूड वापरलेला नेक दोन पावसाळ्यांत पिळवटतो आणि मग त्याला इलाज नसतो. पण म्हणूनच ते वाद्य हातात घेऊन तपासायला हवे, आणि त्याला अर्ध्या तासापेक्षा जास्त वेळ लागत नाही. तार पहिल्या आणि शेवटच्या फ्रेटवर एकदम दाबून धरावी आणि सातव्या-आठव्या फ्रेटपाशी तारेखाली किती फट राहते ते पाहावे. एखादे पोस्टकार्ड जेमतेम सरकेल इतकी फट असली की नेक ठीक आहे. चार तारांचा मिळून सुमारे 75 किलोंचा ताण तो नेक रात्रंदिवस सोसत असतो, त्यामुळे आतला ट्रस रॉड (नेकचा बाक कमीजास्त करणारी सळी) फिरतो की गंजून अडकला आहे, याची खात्री विक्रेत्यासमोरच करून घ्यावी. बाराव्या फ्रेटवरचा हार्मोनिक (तार न दाबता नुसते बोट टेकवून काढलेला सूर) आणि तिथेच दाबून काढलेला सूर ट्यूनरवर एकसारखे आले पाहिजेत; ते ब्रिज मागेपुढे करूनही जुळत नसतील, तर फ्रेटांची किंवा ब्रिजची आखणीच चुकलेली असू शकते. मग प्रत्येक तारेवरचा प्रत्येक सूर एकेकदा वाजवून तो किती वेळ टिकतो ते ऐकावे. इतके केल्यावर हेडस्टॉकवर (तारा पिळायच्या खुंट्या असतात त्या वरच्या टोकावर) काय लिहिले आहे, याला फारसे महत्त्व उरत नाही.

पावसाळ्यात एक जण आले होते, त्यांचा किस्सा याच संदर्भात सांगतो. आठ दिवस झड लागलेली होती, हवेतला ओलावा लाकडाने घेतला होता आणि जाड तार तिसऱ्या फ्रेटवर झणझणत होती. मी ट्रस रॉडला पाव फेरा देऊन ती दुरुस्त करून दाखवली, तरी ‘लोकल मालाचे असेच होते’ असे म्हणून ते निघून गेले. कोल्हापूरच्या पावसात कारखान्यातल्या महागड्या बेसचा नेकही हलतो, आणि तिलाही तोच पाव फेरा द्यावा लागतो.

सर्वांत क्लेशदायक प्रसंग एका वाद्यविक्रेत्याकडे घडला. दुकानाचे किंवा गावाचे नाव मी देत नाही. त्यांनी आधी लाकडाचे आणि कीजचे (खुंट्यांचे) मिळून पाच हजार देऊ केले. मी नकार दिल्यावर त्यांनी सहज सुचवावे तसे सुचवले, की एका नामांकित कंपनीच्या नावाचा स्टिकर ते हेडस्टॉकवर बसवून देतील, वरून लॅकरचा एक हात मारतील, आणि मग हीच बेस चाळीस हजारांना जाईल. हा सल्ला त्यांनी मदत म्हणून दिला होता, हे मला कळत होते, आणि म्हणूनच तो अधिक गंभीर वाटला. खोटे व्यापारचिन्ह लावणे आणि ते लावलेला माल विकणे हा 1999 च्या व्यापारचिन्ह कायद्याखाली गुन्हा आहे आणि त्याला सहा महिन्यांपासून तीन वर्षांपर्यंत कैदेची तरतूद आहे. कायदा बाजूला ठेवला, तरी ज्या माणसाने ते वाद्य घडवले, त्याचे नाव पुसून ज्याने त्याला हातही लावला नाही त्याचे नाव तिथे घालायचे, हे मला करवले नसते. ते कारागीर आज हयात नाहीत. त्यांच्या मागे हे वाद्य त्यांचेच म्हणून राहायला हवे होते.

त्या दिवशी घरी येऊन मी दोन पानी माहितीपत्रक लिहून काढले. त्यात लाकूड, मापे, पिकअपचा मल्टिमीटरवर मोजलेला रोध, कोणते सुटे भाग कधी बदलले, हे सारे घातलेच, पण दोषही लिहिले. आतल्या खाचेला तांब्याचा पत्रा लावलेला नसल्यामुळे ट्यूबलाइटजवळ बेस गुणगुणते. सर्वांत बारीक तारेवर सहाव्या फ्रेटचा सूर इतरांपेक्षा लवकर विरतो. तिसऱ्या ते पाचव्या फ्रेटांवर झीज दिसते. त्यानंतर गडहिंग्लजहून एक तरुण आला. त्याने ते पत्रक वाचले, सहाव्या फ्रेटचा सूर स्वतः वाजवून पाहिला, मग तासभर वाजवत बसला आणि 21 हजार रुपये देऊन बेस घेऊन गेला. दोष लपवले नव्हते म्हणून बाकीच्या गोष्टींवर विश्वास बसला, असे तो म्हणाला. हस्तनिर्मित वाद्य विकणाऱ्या प्रत्येकाने असे पत्रक जोडावे, आणि आज वाद्ये घडवणाऱ्या कारागिरांनी ते पहिल्याच दिवशी आपल्या सहीनिशी द्यावे, ही माझी कळकळीची विनंती आहे. नाव घालायला अनेक कारागीर संकोचतात. त्यांनी संकोचू नये. आपल्या दैनिकाच्या छोट्या जाहिरातींतही जुन्या वाद्यांसाठी ‘हस्तनिर्मित’ असा वेगळा मथळा सुरू झाला, तर मोठी मदत होईल.

आणखी एक गोष्ट सांगायची आहे. बेस देण्यापूर्वी मी मागची झाकणपट्टी उघडली, तेव्हा वायरिंगच्या खाली पेन्सिलीने लिहिलेली तारीख, ‘कोल्हापूर’ हा शब्द आणि ‘6’ हा आकडा दिसला. म्हणजे याआधी निदान पाच वाद्ये त्यांनी केली असावीत, आणि नंतरची किती ते मला माहीत नाही. कोल्हापूर, इचलकरंजी, सांगली किंवा निपाणी भागात कुणाकडे तुणीच्या बॉडीची, पितळी ब्रिजची, हेडस्टॉकवर कोणतेही नाव नसलेली बेस किंवा गिटार असेल, तर त्यांनी मागची पट्टी उघडून पाहावी, असा आकडा सापडल्यास त्याचे छायाचित्र काढून ठेवावे आणि आपल्या दैनिकाकडे कळवावे. त्या कारागिराच्या मुलाकडे वडिलांच्या कामाची एकही नोंद नाही, आणि त्याला ती हवी आहे.

आपला नम्र,
एक बेसवादक व नियमित वाचक,
कोल्हापूर