शिक्के मारणं थांबवा

महोदय,

कुणी तापट किंवा संशयी दिसला की त्याला ‘बॉर्डरलाइन’, ‘नार्सिसिस्ट’ अशी व्यक्तिमत्त्व विकारांची नावं चिकटवण्याची लाट आली आहे. हे फार घातक आहे. व्यक्तिमत्त्व विकाराचं, म्हणजे स्वतःकडे पाहण्यात आणि इतरांशी नातं जपण्यात सतत येणाऱ्या अडचणींचं, निदान रक्ततपासणीने किंवा स्कॅनने होत नाही. मनोविकारतज्ज्ञ रुग्णाशी सविस्तर बोलतात, शक्य तर घरच्यांकडूनही पूर्वेतिहास घेतात. नैराश्य किंवा व्यसनामुळे बदललेलं वागणं वेगळं काढतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या, २०२२पासून लागू झालेल्या आयसीडी-११ या आजारांच्या वर्गीकरणानुसार या अडचणी दीर्घकाळ, म्हणजे साधारण दोन वर्षं तरी, टिकलेल्या असाव्या लागतात. त्यात तीव्रता सौम्य, मध्यम, तीव्र अशी ठरवतात. किशोरवयीन मुलांबाबत तर अधिकच सावधगिरी हवी. मानसोपचारांनी अनेकांना चांगला फरक पडतो. शंका असेल त्यांनी टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या निःशुल्क क्रमांकावर जरूर बोलावं.

– एक वाचक, सातारा