‘जेम’च्या बिडमधला तो एक रकाना

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

लघुउद्योजकांनी ‘जेम’वर, म्हणजे सरकारी खरेदीच्या केंद्राच्या ऑनलाइन पोर्टलवर, यावे म्हणून ठिकठिकाणी मेळावे होतात. नोंदणी कशी करायची, मालाचे फोटो कसे चढवायचे, सगळे शिकवतात. काम मिळणार की नाही हे ज्या रकान्यावर ठरते, त्याबद्दल मात्र कुणी चकार शब्द काढत नाही.

कुपवाड एमआयडीसीत आमचे स्टीलची कपाटे आणि रॅक बनवण्याचे छोटे युनिट आहे. पोर्टलवरची बिड (निविदा) उघडली की सुरुवातीच्या तक्त्यातच वार्षिक उलाढाल किती लाख हवी आणि अनुभव किती वर्षांचा हवा, हे दिलेले असते. तिथेच या अटींतून सूक्ष्म व लघु उद्योगांना सूट आहे का, त्याचे उत्तर ‘होय’ किंवा ‘नाही’. ‘नाही’ असेल तर आमच्यासारख्यांनी पुढची पाने वाचूच नयेत. दर कितीही कमी भरा, तांत्रिक छाननीतच बाहेर. बिड भरणाऱ्या भाच्याला मी बजावून ठेवले आहे, आधी तो रकाना बघ, मग कागद जमव.

तसा कायदा आमच्या बाजूचा आहे. सूक्ष्म व लघु उद्योगांकडून सरकारी खरेदी करण्याबाबतच्या 2012 च्या आदेशानुसार केंद्राची खाती आणि सरकारी कंपन्यांनी वर्षाच्या खरेदीपैकी किमान 25 टक्के आमच्याकडून घ्यायची असते, त्यात 3 टक्के महिलांच्या उद्योगांकडून. ईएमडी, म्हणजे बिडसोबत भरायची अनामत रक्कम, माफ. मोठ्या कंपनीचा दर एल-वन (सर्वात कमी) आला आणि आपला त्याच्या 15 टक्क्यांच्या आत असला, तर त्याच दराने ऑर्डरचा काही हिस्सा आपल्याला मिळू शकतो. (या सवलती उत्पादकांना आणि सेवा देणाऱ्यांना, नुसत्या व्यापाऱ्यांना नाहीत.) पण उलाढाल आणि अनुभवाची सूट गुणवत्तेच्या नावाखाली खरेदी अधिकाऱ्याच्या मर्जीवर सोडली आहे.

मला विचारायचे आहे, फायली ठेवायच्या कपाटाला तीन वर्षांचा अनुभव कशाला लागतो? पत्र्याची जाडी मायक्रोमीटरने मोजा, पावडर कोटिंग ओरबाडून बघा, कुलूप दहादा फिरवा. नापास झालो तर माल परत पाठवा. शस्त्रक्रियेच्या उपकरणांना अट हवीच, त्याबद्दल वाद नाही.

मध्यंतरी एका कार्यालयाच्या बिडवर आम्ही पोर्टलवरूनच लेखी हरकत घेतली, आदेशाचा हवाला दिला आणि ‘नाही’चे ‘होय’ झाले. ऑर्डर दुसऱ्यालाच गेली, तो भाग वेगळा, पण निदान दर उघडला गेला. नव्याने येणाऱ्यांनी हे जरूर करावे, तेही बिड निघाल्या निघाल्या. शेवटच्या दिवशी विचारून काही होत नाही. उद्यम नोंदणी (सूक्ष्म, लघु उद्योग म्हणून सरकारदरबारी नोंद) सरकारी संकेतस्थळावर फुकट होते, एजंटाला पैसे देऊ नयेत. ती ऑर्डर घेण्याआधीच करावी, कारण 45 दिवसांत पैसे मिळण्याचा हक्क आणि उशिराचे व्याज मागताना नोंदणीची तारीख बघितली जाते.

सरकारकडे मागणी एवढीच की तो रकाना मुळातच ‘होय’ असावा आणि ज्या अधिकाऱ्याला ‘नाही’ करायचे असेल, त्याने त्याचे कारण त्याच बिडमध्ये लिहावे.

– एक लघुउद्योजिका, कुपवाड (जि. सांगली)