काळ्या बॉनेटवरची जाळी

प्रिय श्रीधर,
सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र वाचलं. गाडीच्या काळ्या रंगाबद्दल मी तेव्हा काय म्हणालो होतो ते आता उगाळत बसत नाही. उन्हात बॉनेटवर जाळी दिसते आणि सावलीत नेली की गाडी स्वच्छ वाटते, म्हणजे ते स्वर्लच, रंगावर पडलेले अगदी बारीक चरे. पण गाडी पुसणाऱ्याने गोल गोल फडकं फिरवलं म्हणून गोल चरे पडले, हे तुझं अनुमान चुकीचं आहे. चरे सगळ्या दिशांनी पडलेले असतात. त्यातले प्रकाशाला आडवे येणारे तेवढेच चमकतात, म्हणून दिव्याभोवती वर्तुळं दिसतात. मोबाईलचा टॉर्च बॉनेटवरून सरकवून बघ, वर्तुळंही सोबत सरकतील. त्याने सरळ रेषेत पुसलं असतं तरी कोरड्या फडक्याखालच्या धुळीने हेच केलं असतं.

आता मुख्य गोष्ट. तुझ्या पत्रात 'चरे भरून काढायचे' असं लिहिलं आहेस. पॉलिशिंगमध्ये काही भरलं जात नाही. चऱ्याच्या आजूबाजूचा क्लिअर कोट, म्हणजे रंगावरचा पारदर्शक थर, घासून चऱ्याच्या तळापर्यंत खाली आणायचा, एवढाच प्रकार आहे. आणि हा थर साधारण 40 ते 50 मायक्रॉनचा, म्हणजे डोक्याच्या केसापेक्षाही बारीक. उन्हापासून रंगाला वाचवतो तोही तोच. हलक्या पॉलिशमध्ये त्यातला थोडासाच जातो, पण गेलेला परत येत नाही. म्हणून नख अडकेल इतका खोल चरा दिसला तर त्याच्या मागे लागू नकोस. कडा किंचित बोथट झाल्या की तो पूर्वीइतका डोळ्यांत खुपत नाही. मी तरी तेवढ्यावरच थांबतो.

शेजारी रोटरी पॉलिशिंग मशीन द्यायला तयार आहेत म्हणतोस. त्यांना गोड बोलून नको म्हण. रोटरी एकाच आसाभोवती फिरते. ती कापते झपाट्याने, पण एका जागी जरा रेंगाळली की रंग तापतो, आणि पॅनलच्या कडेवर तर थर जाऊन खालचा रंग उघडा पडायला वेळ लागत नाही. शिवाय हात बसलेला नसेल तर ती स्वतःचेच लाटेसारखे माग सोडते, त्यांनाच होलोग्राम म्हणतात. काळ्या रंगावर स्वर्ल गेले आणि होलोग्राम आले, असा सौदा होतो. तुला डीए, म्हणजे ड्युअल अ‍ॅक्शन पॉलिशर हवा. त्याचं पॅड फिरतंही आणि हेलकावेही खातं, आणि जास्त दाबलं तर फिरणं थांबून नुसतं थरथरतं. पॅड ज्या चकतीवर बसतं त्या बॅकिंग प्लेटच्या कडेला मार्करने एक रेघ मार. रेघ फिरताना दिसली नाही की समज, हात जड पडतोय किंवा पॅड तिरकं धरलं आहेस.

मशीन लावण्याआधीचं काम कंटाळवाणं आहे, पण ते टाळलंस तर बाकी सगळं फुकट. गाडी नीट धू, मग क्ले बार, म्हणजे रंगात रुतलेली घाण ओढून काढणारी मऊ वडी, भरपूर ल्युब्रिकंटसह (निसरड्या द्रवासह) फिरव. रंगात रुतलेले कण निघाले नाहीत तर पॅड तेच गोल गोल फिरवत बसेल. काळं प्लास्टिक, रबर आणि उठावाच्या कडा मास्किंग टेपने झाक. गाडी सावलीत असू दे आणि पत्रा हाताला गार लागला पाहिजे.

मग सगळ्या बॉनेटवर तुटून न पडता दीड-दोन फुटांचा एक चौकोन निवड. सुरुवात मऊ पॅड आणि बारीक पॉलिशने कर. काम भागलं नाही तर आधी पॅड बदल, मग कंपाउंडकडे, म्हणजे जास्त घासणाऱ्या जाड पॉलिशकडे वळ. रंग किती कडक आहे हे गाडीगणिक बदलतं. दुसऱ्याच्या गाडीवर जे चाललं ते तुझ्या गाडीवर चालेलच असं नाही, म्हणून हा चौकोन. पॅडवर वाटाण्याएवढे चार-पाच थेंब घे, मशीन बंद असतानाच पॅड चौकोनात टेकव आणि मगच बटण दाब, नाहीतर भिंतीलाही पॉलिश होईल. आधी मंद गतीवर पसरव, मग मशीनची गती चार-पाच नंबरवर नेऊन आडव्या-उभ्या फेऱ्या मार. प्रत्येक फेरी आधीच्या फेरीच्या निम्म्यावर आली पाहिजे. हात सेकंदाला दोन-तीन सेंटिमीटर सरकावा. हे इतकं हळू असतं की मनुष्य वैतागतो. घाई इथेच होते. प्रत्येक चौकोनानंतर पॅड ब्रशने साफ कर, नाहीतर सुटलेला क्लिअर कोट आणि वाळलेलं पॉलिश त्यात साठत जातं.

चौकोन झाला की लगेच खूश होऊ नकोस. पॉलिशमधलं तेल उरलेले चरे तात्पुरते झाकतं. पाण्यात मिसळलेलं आयसोप्रोपिल अल्कोहोल फवारून पूस, मग टॉर्च लाव. तेव्हा जे दिसेल ते खरं. बहुतेक जाळी गेली असेल तर पॅड आणि पॉलिशची तीच जोडी सगळ्या गाडीवर चालव. शेवटचा चरा निघेपर्यंत घासणारे लोक मला कळत नाहीत. वर्षभराने पुन्हा पॉलिश करावंसं वाटलं तर घासायला काही शिल्लक हवं ना?

एक दरवाजा परत रंगवलेला आहे असं तू म्हणाला होतास. तिथे थराचा भरवसा नाही, म्हणून जाडी मोजायचं गेज मिळालं तर आधी लाव. साधं गेज पत्र्यावरच चालतं, प्लास्टिकच्या बंपरवर नाही. शेवटी सीलंट किंवा वॅक्स लाव आणि धूळ बसलेल्या गाडीवर कोरडं फडकं फिरवणं घरात सगळ्यांनाच बंद करायला सांग. ते चालू राहिलं तर महिन्याभरात जाळी परत येईल आणि तू मला परत पत्र लिहिशील.

माझा डीए कपाटात नुसता पडून आहे, तो घेऊन जा. पॅड मात्र नवीन आण. माझ्या जुन्या पॅडांत कोणतं कंपाउंड मुरलं आहे ते मलाच आठवत नाही, आणि तुझ्या काळ्या रंगावर मला तो प्रयोग करायचा नाही. वहिनींना नमस्कार.

तुझा,
विनय