‘फक्त सक्रिय एमएमपी-९’ म्हणून विकलेल्या अँटिबॉडीच्या नव्या लॉटबद्दल तक्रार

प्रति,
तांत्रिक सहाय्य व गुणवत्ता नियंत्रण विभाग

महोदय / महोदया,

आपली सशातली पॉलिक्लोनल (अनेक अँटिबॉडींचे मिश्रण असलेली) अँटिबॉडी आम्ही ग्लायोब्लास्टोमा या मेंदूच्या आक्रमक कर्करोगाच्या ऊतींवर वापरतो. ती एमएमपी-९ हे पेशींभोवतीची प्रथिने तोडणारे एन्झाइम शोधते. ‘एमएमपी-९चे फक्त सक्रिय रूप ओळखते, प्रो-रूप ओळखत नाही,’ असे माहितीपत्रकात ठळक छापले आहे आणि घेण्याचे कारणही तेवढेच. प्रो-रूप म्हणजे प्रोपेप्टाइड हा सुरुवातीचा तुकडा अजून न कापलेले, निष्क्रिय एन्झाइम. आधीचा लॉट (उत्पादनाची खेप) या शब्दाला जागला. नवा लॉट नेमके उलटे करतो. कॅटलॉग क्रमांक तोच, माहितीपत्रकही तेच, एका अक्षराचा फरक नाही.

ब्लॉट (जेलवर आकारानुसार वेगळी केलेली प्रथिने अँटिबॉडीने ओळखण्याची चाचणी) असा केला. शुद्ध रिकॉम्बिनंट प्रो-एमएमपी-९ घेऊन त्याचा अर्धा भाग आधीच सक्रिय केलेल्या एमएमपी-३ या प्रो-रूप कापणाऱ्या एन्झाइमसोबत ३७ अंशांवर ठेवला, अर्धा तसाच. ८ टक्के जेल, प्रत्येक लेनमध्ये ५० नॅनोग्रॅम, ५ टक्के दुधाने ब्लॉकिंग, अँटिबॉडी १:१००० प्रमाणात रात्रभर ४ अंशांवर. एका लेनमध्ये नुसते एमएमपी-३. जुन्या लॉटने ८२ किलोडाल्टनचा (सक्रिय रूपाचा) बँड दिला, ९२च्या (प्रो-रूपाच्या) जागी काही नाही. नव्या लॉटने ९२ला जाड काळा बँड दिला आणि ८२ला इतका फिकट की एक्स्पोजर वाढवल्याशिवाय दिसत नाही. नुसत्या एमएमपी-३च्या लेनमध्ये दोन्ही वेळा कोरे. सक्रियकरणच फसले असेल ही शंका नको म्हणून त्याच नमुन्यांची ०.१ टक्के जिलेटिनच्या जेलवर झायमोग्राफी (एन्झाइमने जिलेटिन पचवल्याचे पट्टे दाखवणारी चाचणी) केली: न उकळता, रिड्यूसिंग एजंट न घालता, २.५ टक्के ट्रायटनने एसडीएस धुऊन. ९२चा पट्टा ८२वर सरकलेला स्वच्छ दिसतो. म्हणजे एन्झाइम कापले गेले, पण अँटिबॉडीला ते दिसत नाही.

यावर आपल्या प्रतिनिधींनी ‘एपीएमए वापरून पाहा’ असे कळवले; एपीएमए हे प्रो-रूप सक्रिय करण्यासाठी वापरले जाणारे रसायन. हा सल्ला वाचून आश्चर्य वाटले. एमएमपी-३ हे प्रो-एमएमपी-९ला शेवटी आर्जिनीन १०६ आणि फेनिलॲलनीन १०७ यांच्यामध्ये कापते, त्यामुळे सक्रिय रूपाचे नवे टोक फेनिलॲलनीन १०७पासून सुरू होते. एपीएमएने होणारा काप त्याच्या बराच आधी पडतो. प्रोपेप्टाइडचा शेवटचा तुकडा, ‘सिस्टीन स्विच’ या एन्झाइम बंद ठेवणाऱ्या भागासकट, रेणूला चिकटूनच राहतो. तेव्हा प्रोपेप्टाइड ओळखणारी अँटिबॉडीही एपीएमए केलेल्या नमुन्यात खुशाल बँड देईल आणि चाचणी ‘पास’ होईल. नव्या लॉटची आपली तपासणी याच पद्धतीने झाली असेल, तर दोष तिथेच निसटला असावा असा आमचा अंदाज आहे.

ऊतींवर याचा परिणाम जास्त घातक आहे. एकाच ब्लॉकचे लागोपाठचे ४ मायक्रॉनचे सेक्शन घेतले. सायट्रेट बफर, पीएच ६, २० मिनिटे रिट्रीव्हल (ऊतीतली झाकली गेलेली प्रथिने अँटिबॉडीसाठी उघडी करणे). ३ टक्के हायड्रोजन पेरॉक्साइड १० मिनिटे. अँटिबॉडी १:१००, रात्रभर; ती चिकटते तिथे तपकिरी रंग येतो, बाकी निळे राहते. जुन्या लॉटमध्ये गाठीच्या कडेला, पांढऱ्या द्रव्याच्या तंतूंमधून आणि रक्तवाहिन्यांच्या भोवतीने शिरलेल्या पेशींच्या सायटोप्लाझममध्ये दाणेदार तपकिरी रंग होता. नव्या लॉटमध्ये त्याच पेशी जवळजवळ निळ्याच राहिल्या. गडद तपकिरी दिसल्या त्या न्यूट्रोफिल या पांढऱ्या रक्तपेशी: एका वाहिनीच्या पोकळीत ओळीने चिकटलेल्या आणि नेक्रोसिसच्या (मृत ऊतीच्या) कडेला गोळा झालेल्या, खंडित केंद्रकामुळे लगेच ओळखू येणाऱ्या. न्यूट्रोफिल आपल्या कणिकांमध्ये एमएमपी-९ साठवतात ते प्रो-रूपातच. म्हणजे स्लाइडनेही ब्लॉटचीच साक्ष दिली.

रंग फिका पडला एवढेच असते तर डायल्यूशन बदलून भागले असते. इथे क्रम उलटा होतो. वाहिन्यांच्या बेसमेंट मेंब्रेनमधले टाइप ४ कोलॅजन तोडणारे एन्झाइम म्हणून कडेला सक्रिय एमएमपी-९ मोजायचे, आणि हा लॉट गाठीच्या मध्यातल्या नेक्रोसिसला जास्त गुण देतो. आक्रमकता म्हणून जो आकडा निघेल तो प्रत्यक्षात न्यूट्रोफिलांची गर्दी मोजत असेल. न्यूट्रोफिल वेगळे न काढता सॉफ्टवेअरने तपकिरी क्षेत्र मोजणाऱ्या प्रयोगशाळेला हे कळणारही नाही.

वाहतुकीत अँटिबॉडी खराब झाली असावी, हे आपले दुसरे उत्तर. कुपी थंड आली, छोट्या भागांत वाटून उणे २० अंशांवर ठेवली, एकही भाग दोनदा वितळवला नाही. शिवाय उष्णतेने बिघडलेली अँटिबॉडी कमजोर होते किंवा पार्श्वभूमी घाण करते. ती सक्रिय रूप सोडून निवडकपणे प्रो-रूप पकडू लागत नाही. सशाचे सीरम बदलले, किंवा प्रो-रूपाला चिकटणाऱ्या अँटिबॉडी कॉलमवर वेगळ्या काढण्याची पायरी राहिली, यांपैकी एक कारण आम्हाला जास्त पटते.

आमच्या मागण्या: इम्युनोजेन पेप्टाइड (सशाला टोचलेला प्रथिनाचा तुकडा) १०७व्या स्थानापासून सुरू होते की नाही हे लेखी कळवावे, क्रम गुप्त ठेवायचा असेल तर ठेवा, पण शोषण चाचणीसाठी (पेप्टाइडने अँटिबॉडी आधी शोषून घेतल्यावर बँड किंवा रंग जातो का हे पाहण्यासाठी) ते पेप्टाइड द्यावे. या लॉटचे प्रो-रूप आणि एमएमपी-३ने सक्रिय केलेले रूप शेजारी-शेजारी असलेले मूळ, न कापलेले ब्लॉट पाठवावेत. जुना लॉट शिल्लक असल्यास तो बदलून द्यावा, नसल्यास पूर्ण रक्कम परत करावी. दुसऱ्या नव्या लॉटची कुपी तपासणीच्या पुराव्याशिवाय स्वीकारणार नाही. आणि हा लॉट ज्यांना गेला त्या सर्वांना कळवावे, कारण त्यांच्याकडे तुलनेला जुना लॉट असेलच असे नाही.

उरलेली कुपी न उघडता जपून ठेवली आहे. मागितल्यास बर्फात पाठवू.

आपले,
ऊतिविकृती प्रयोगशाळा, मेंदूच्या गाठींचा गट

सोबत: दोन्ही लॉटचे ब्लॉट, झायमोग्राम, स्लाइडची छायाचित्रे, लॉट क्रमांक दिसेल असे कुपीचे छायाचित्र