ऑफिसच्या कामाला गेले नव्हते

नेरुळ, रविवार रात्र

ती. आई-बाबा,
सा. न. वि. वि.

ट्रान्स हार्बरने तासाभरात ठाण्याला तुमच्या दारात येते मी, तरी पत्र लिहितेय. समोर बसून सांगायला लागले, तर दुसऱ्याच वाक्याला आई कपाळावर हात मारणार आणि बाबा टीव्हीचा आवाज वाढवणार. पत्र निदान शेवटपर्यंत वाचाल.

सप्टेंबरात स्पेनला गेले होते ना, ते ऑफिसचं काम नव्हतं. रजा टाकून, साठवलेल्या पैशांतून विमानातून उडी मारायला शिकायला गेले होते. खोटं बोलले, ते चुकलंच.

बार्सिलोनाच्या वर, समुद्राकाठी एम्पुरियाब्रावा नावाचं गाव आहे. कोर्सला एएफएफ, म्हणजे ॲक्सिलरेटेड फ्रीफॉल म्हणतात. जुन्या पद्धतीत पॅराशूटची, म्हणजे हवाई छत्रीची, दोरी विमानाला अडकवलेली असते, उडी मारली की छत्री आपसूक उघडते. यात पहिल्याच उडीला सुमारे 4,000 मीटरवरून सुटायचं. दोन्ही बाजूंना एकेक प्रशिक्षक धरून असतो, वेग ताशी 200 किलोमीटरच्या घरात, आणि हे सगळं जेमतेम मिनिटभर. मग छत्री आपली आपण उघडायची, साधारण कळसूबाईच्या माथ्याएवढ्या उंचीवर. त्या आधी आख्खा दिवस जमिनीवर पोटावर झोपून कंबर पुढे, पाय मागे असा कमानीचा सराव. कंबर अजून दुखतेय.

आई, तुझा प्रश्न मला इथे ऐकू येतोय. नाही उघडली तर? तर पाठीवरच्या त्याच पिशवीत दुसरी छत्री असते. तिची घडी परवाना असलेला माणूसच घालतो. पहिली बिघडली तर उजवीकडची मूठ ओढून ती सोडून द्यायची, डावीकडची ओढून दुसरी उघडायची. हे आमच्याकडून इतक्यांदा घोकून घेतलं, की झोपेत माझे हात छातीवर जायचे. आणि समजा मी भोवळ येऊन पडले, तरी हवेच्या दाबावरून उंची आणि वेग मोजणारं एक छोटं यंत्र दुसरी छत्री स्वतःच उघडतं. धोका नाही असं मात्र म्हणणार नाही. तसं लिहिलं तर बाबांना ते दुसरं खोटं वाटेल.

बाबा, तुम्ही इंजिनावर असताना सिग्नल दिसला की हात करून मोठ्याने म्हणायचात, ‘डबल यलो!’ आणि असिस्टंट तेच परत म्हणायचा. दोघांनाही दिसतंय तर ओरडता कशाला, असं मी लहानपणी विचारलं होतं. ‘रोज दिसतं म्हणूनच,’ म्हणालात.

इथेही तेच निघालं. समोर क्षितिज बघ, मनगटावरचा अल्टिमीटर (उंची दाखवणारं घड्याळच) बघ, प्रशिक्षकाकडे बघ, परत अल्टिमीटर. तीन उड्या मी हे नीट केलं. चौथीला एकच प्रशिक्षक असतो आणि हवेत डावी-उजवीकडे वळून दाखवायचं असतं. वळणं इतकी छान जमली की मी हुरळून पिरेनीजचे डोंगरच बघत बसले. त्याने आपल्या मनगटाकडे बोट केलं, मला कळलंच नाही. मग त्याने ‘उघड’ अशी खूण केली. उघडली, पण ठरलेल्या उंचीच्या खाली. खाली आल्यावर तो ओरडला नाही. लॉगबुकात फक्त ‘उंची!’ लिहून खाली तीन रेघा मारल्या आणि नापास केलं. त्या रात्री घाबरले. उडी मारताना नव्हते तेवढी.

त्यात दुसऱ्या दिवसापासून ट्रामोंताना सुटला. उत्तरेचा वारा, आपल्या पावसासारखाच लहरी. तीन दिवस कोणी उडालं नाही. मी कॅन्टीनमध्ये ब्रेडवर टोमॅटो चोळून खात बसले (आई, आपली शेंगदाण्याची चटणी दुसऱ्याच दिवशी संपली होती). चौथी उडी परत मारली, पैसे पुन्हा भरून. या वेळी उंची मोठ्याने म्हणत होते, मराठीत. त्या वाऱ्यात मलाही ऐकू येत नव्हतं.

आतापर्यंत 12 उड्या झाल्यात. लायसन्सला 25 लागतात. उरलेल्यांसाठी परत जाणार आहे, या वेळी सांगून.

पुढच्या रविवारी येते. लॉगबुक आणते, बाबांना त्या तीन रेघा बघायच्या असतील. आई, मावशीला इतक्यात सांगू नकोस.

तुमची,
छोटी